कापाकापी न करता बसवलेले फ्लेअर: वरूड तालुक्यातल्या एका स्पिटफायरचं प्रकरण

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री. १९६८ सालची, १२९६ सीसीची, दोन सीटांची, वरचं कापडी छत केव्हाच गेलेलं. वरूड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदार काकांच्या गोदामात ती क्रेट आणि फवारणी पंपांच्या सोबतीनं उभी असते. काकांच्या वडिलांनी ती सत्तरच्या दशकात मुंबईहून घेतली होती. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं रुंद रिम, टायर आणि परदेशातून मागवलेला फायबरग्लासच्या चार फ्लेअरचा संच आणून ठेवला आणि काम माझ्याकडे आलं. माझं दुकान खरं म्हणजे वखर, सारायंत्र आणि ट्रॉलीचं. पण गावाकडे वेल्डिंग आणि मोजमाप येणाऱ्या माणसाला कुणी ‘हे तुझं काम नाही’ असं म्हणत नाही.

फ्लेअर म्हणजे चाकावरच्या आर्चला, म्हणजे मडगार्डच्या अर्धगोल कडेला, बाहेरून बसणारी रुंद कड. टायर मडगार्डच्या बाहेर आला की तो झाकायला ती लागते. बहुतेक लोक सुरुवात या कडेपासून करतात: ती पत्र्यावर धरतात, पेन्सिलनं रेघ मारतात, ग्राइंडर काढतात. या गाडीत ते केलं असतं तर काम फसलं असतं, कारण इथला सगळा निकाल आतल्या बाजूला होता. चाक कुठपर्यंत वर जातं, जाताना कुठं झुकतं, पत्र्याची आतली पट्टी किती आणि पाऊस-चिखल कुठं थांबतो, हे ठरल्याशिवाय बाहेरचा आकार ठरतच नाही.

मुलाचं म्हणणं वेगळं होतं. त्याला फ्लेअर मडगार्डशी एकजीव हवे होते. जोड दिसू नये, स्क्रू दिसू नये. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं त्याला तसं करून देतो असं सांगितलंही होतं: आर्च दोन इंच कापायची, फ्लेअर रेझिननं चिकटवायचा, वरून मॅट (काचेच्या तंतूंची चादर) आणि पुट्टी ओढून रंग मारायचा. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “कापाकापी नाही करायची बाप्पा. माह्या बाबाची गाडी हाय. उद्या काढाव वाटलं तं काढता आलं पाह्यजे.”

काकांचं म्हणणं भावनेचं वाटतं, पण त्याला कायद्याचाही आधार निघाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी, मूळ रूपात सांभाळलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नूतनीकरणाचं ५ हजार. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीला नेणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. काकांना हा क्रमांक घ्यायचा आहे. आर्च कापून वरून फायबर चिकटवलेली बॉडी तपासणीला उभी केली तर ‘मूळ रूप’ कुठं दाखवणार? स्क्रूवर बसवलेला फ्लेअर मात्र अर्ध्या दिवसात काढून जुनी चाकं घालता येतात.

चाक आधी, फ्लेअर नंतर

स्पिटफायरचा पाया समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. १९६२ मध्ये आलेली ही गाडी इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीनं रेखाटली, पण खालची चेसी आणि सस्पेन्शन ट्रायम्फ हेराल्डवरून घेतलेलं. हेराल्ड म्हणजे आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून बनवलेली स्टँडर्ड हेराल्ड. त्यामुळे इकडच्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांना ही गाडी परकी नाही. मागे आडवा पाट्यांचा संच, म्हणजे स्प्रिंग, डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) डोक्यावर बसतो, आणि दोन्ही बाजूंचे अर्धे अॅक्सल आतल्या जॉइंटवर वरखाली झुलतात. चाक सरळ वर जात नाही. अॅक्सलबरोबर तिरकं होतं. खड्ड्यात चाक वर उचललं गेलं की त्याचं डोकं आत झुकतं, गाडी जॅकवर उचलली की चाकं खाली लोंबून डोकं बाहेर काढतात.

म्हणजे गाडी जॅकवर ठेवून घेतलेलं माप खोटं. मुलानं पाठवलेल्या फोटोत फ्लेअर टायरला हवा तसा झाकत होता, पण तो फोटो चाक लोंबत असतानाचा होता.

आम्ही मागच्या पाट्याच्या टोकाचे बोल्ट काढले, चेसी लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि चाकाखाली ट्रॉली जॅक लावून नवं चाक हळूहळू वर चढवलं, रबरी स्टॉप दाबला जाईपर्यंत. दर वेळी टायरच्या वरच्या कडेपासून आर्चपर्यंत ओळंबा सोडून माप घेतलं. अर्धा अॅक्सल जॉइंटपासून चाकापर्यंत साधारण अर्धा मीटर. उभ्या गाडीच्या पातळीपासून चाक ६० मिलिमीटर वर गेलं की टायरचा माथा जवळपास ३५ मिलिमीटर आत येतो. जुना टायर १४५ रुंदीचा, नवा १७५/७० आर १३. नव्या रिमची रुंदी आणि ऑफसेट धरून टायरची बाहेरची बाजू सुमारे २८ मिलिमीटर बाहेर सरकत होती. जुना टायर आर्चच्या कडेपासून १५ मिलिमीटर आत होता, म्हणजे नवा १३ मिलिमीटर बाहेर.

गोम इथंच आहे. उभ्या गाडीत टायर कडेच्या बाहेर, पूर्ण दाबलेल्या अवस्थेत कडेच्या आत. मधे कुठंतरी तो आर्चच्या कडेला छेद देऊन जाणारच. ती कड म्हणजे बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगनं जोडलेली आतल्या बाजूची पट्टी, पंधराएक मिलिमीटरची. टायरच्या खांद्यावर ती सुरीसारखी चालली असती. वर कितीही देखणा फ्लेअर लावा.

पर्याय दोन. पट्टी कापून टाकायची, म्हणजे दोन पत्र्यांमधला जोड उघडा पडतो. तो पुन्हा वेल्ड करून सीलर भरला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत शिरतं आणि आर्च आतून सडत येते. किंवा पट्टी न कापता आतून वर दुमडून सपाट करायची. आम्ही दुमडली. बाहेरून डॉली (आधाराचा लोखंडी ठोकळा) धरायची, आतून लाकडी मोगरीनं थोडं थोडं ठोकत आर्चच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, मग परत पहिल्यापासून. एकाच जागी एकदम दुमडलं तर बाहेरच्या पत्र्याला लाट येते. दुमडताना जुना रंग फुटतोच. ती जागा घासून एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर सीम सीलर. एवढ्यानं टायरला जागा मिळाली.

रिमबद्दल एक सांगायला हवं, कारण मुलाच्या मित्रांनी त्याला भलतंच सुचवलं होतं. या गाडीच्या चार बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ९५.२५ मिलिमीटर, म्हणजे पावणेचार इंच. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांचा १०० असतो. हातात धरल्यावर १०० ची रिम बसल्यासारखी वाटते, एखाद-दोन नट दाबून आवळताही येतात. पण चाक केंद्रावर बसत नाही आणि नट तिरके बसतात. फार लोक हे करतात, आणि करू नये. मुलानं मापाच्याच रिम मागवल्या होत्या, हे त्याचं शहाणपण. टायरचा व्यास ५७५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या १४५ च्या टायरपेक्षा थोडाच मोठा, त्यामुळे स्पीडोमीटरही फारसा खोटं बोलत नाही.

पुढचं प्रकरण वेगळं. स्पिटफायरचं बोनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड हा एकच तुकडा असतो. मागून उचलला की अख्खं नाक पुढं कलंडतं. म्हणजे पुढचे फ्लेअर बोनेटवर बसतात आणि बोनेट खालच्या बिजागरीवर चार-पाच मिलिमीटर इकडंतिकडं सरकवता येतं. काकांच्या गाडीचं बोनेट उजवीकडे कललं होतं. तसंच ठेवून फ्लेअर बसवले असते तर पुढं कधी बोनेट सरळ केलं की एक टायर घासला असता. म्हणून आधी दरवाजा आणि बोनेटमधली फट दोन्हीकडे सारखी केली, मगच पुढच्या आर्चला हात लावला.

शिवाय ही गाडी वळायला अजब. २४ फुटांच्या आसपास जागेत फिरते. आमच्या गोदामाच्या अंगणात ट्रॅक्टर जिथं दोनदा मागंपुढं करतो तिथं ही एका दमात वळते. त्यासाठी पुढची चाकं फार मोठ्या कोनात फिरतात, आणि रुंद टायर पूर्ण वळवल्यावर मागच्या कडेनं आत टेकत होता. फ्लेअरचा इथं काही संबंध नाही. स्टिअरिंगचा फिरण्याचा पल्ला थोडा कमी करावा लागला. काका त्यावर अजून नाराज आहेत. चाक बाहेर सरकलं की पुढच्या ट्रनियनवर, म्हणजे चाक ज्या आट्यांच्या खालच्या सांध्यावर वळतं त्यावर, भारही वाढतो. त्या ट्रनियनमध्ये ग्रीस नव्हे, ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस भरून ठेवलेले आणि आतून आटे खाल्लेले ट्रनियन हेराल्डवर काम केलेल्या कुठल्याही मिस्त्रीनं पाहिलेले असतात. इथंही ग्रीसच होतं. दोन्ही बदलले.

डाव्या बाजूची फट

फ्लेअर धरून पाहिले तेव्हा तीन ठीक बसले. डावा मागचा खालच्या टोकाला चांगला बोटभर उभा राहिला. मुलाला वाटलं, माल सदोष आला. स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मी आर्चवरून फिरवलं. वरच्या भागात ते पत्र्याला घट्ट धरून सरकत होतं. खालच्या टोकाकडे आलं तसं हाताला सैल लागायला लागलं, आणि शेवटच्या वीतभरात धरलंच नाही. फडक्यासकट घसरून फरशीवर पडलं. छिन्नीनं खरवडलं तर आत थरावर थर पुट्टी, रंगांचे तीन वेगवेगळे थर, आणि तळाशी गंजून चाळणी झालेला पत्रा. केव्हातरी कुणीतरी पत्रा न लावता नुसत्या पुट्टीनं आर्च घडवून टाकली होती. दिसायला गोल, पण उजव्या बाजूच्या आर्चशी न जुळणारी.

सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला. दुरुस्तीची वेल्डिंग ही काकांच्या ‘कापाकापी’त धरायची नाही असं आमचं ठरलं. तरी फट पूर्ण गेली नाही. त्या काळच्या या गाड्यांच्या डाव्या-उजव्या बाजू जुळ्या नसतातच. मग फ्लेअरची पत्र्याला टेकणारी पट्टी गाडीच्या अंगावरच नव्यानं घडवायची ठरली, आणि इथं आमचे फायबरवाले भाऊ कामी आले. हे भाऊ कुलरच्या बॉड्या, न्हाणीघराचे दरवाजे आणि देवळांचे कळस करतात. मोटारीला त्यांनी आधी हात लावला नव्हता, पण मॅट आणि रेझिनची त्यांची समज जिल्ह्याच्या डेंटरपेक्षा पक्की निघाली.

मुलाला मे महिन्याच्या सुट्टीत काम हवं होतं. भाऊंनी हात जोडले: “या उनात माल थांबत नाही. भगुण्यातच गोटा होते. थंडी लागू द्या, मग करू.” ते खरंच आहे. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के घालतात, आणि तापमान वाढलं की जमण्याचा वेळ झपाट्यानं घटतो. सावलीत ४५ अंश असेल तर मॅटमधली हवा रोलरनं काढेपर्यंत रेझिन घट्ट व्हायला लागतं, आणि भगुण्यात उरलेला गोळा स्वतःच्याच उष्णतेनं धुराळतो. कोरड्या राहिलेल्या जागा नंतर पांढऱ्या दिसतात आणि तिथूनच तडकतात. पावसाळ्यात उलट अडचण, मॅट दमट होते. डिसेंबर बरा, पण तोही दिवसा. रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की रेझिन जमतच नाही. आंबिया बहराची संत्री उतरून काकांच्या हातात पैसा येण्याचा काळही तोच, त्यामुळे वाद मिटला.

भाऊंनी केलं ते असं. गाडीच्या पत्र्यावर खोकी बांधायची तपकिरी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता ओढली, कारण त्या प्लास्टिकला रेझिन धरत नाही. वर मेणाचा हात. फ्लेअर जागेवर चार क्लॅम्पनं धरला, वरचा भाग बरोबर बसवून खालची फट तशीच ठेवली. फ्लेअरच्या पट्टीची आतली बाजू ६० नंबरच्या पॉलिश पेपरनं दोन इंचांपर्यंत खरवडली; चकचकीत फायबरवर नवं रेझिन नुसतं बसतं, धरत नाही. मग ३०० ग्रॅमच्या मॅटचे हातानं फाडलेले तुकडे. कात्रीनं कापलेल्या मॅटची कड जाड राहते, फाडलेल्याची विरळ होत जाते आणि जोड उठून दिसत नाही. दोन थर, रेझिन मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट, ब्रश घासायचा नाही, टोचत जायचं. हार्डनरची आणि कोबाल्ट अॅक्सिलरेटरची (रेझिन लवकर जमवणाऱ्या द्रव्याची) बाटली भाऊ दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवतात. ही दोन द्रव्यं एकमेकांत सरळ ओतली तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचा, हार्डनर शेवटी. माझ्या दुकानातल्या पोरांना त्यांनी हे दोन-दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाकडी पाचर घालून फ्लेअर सोडवला. पट्टीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचे जोड जसेच्या तसे उमटले होते आणि काठ पत्र्याला कुठंही कागदाएवढी फट न ठेवता बसत होता. घासताना मात्र तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. फायबरची कूस मानेला लागली की रात्रभर झोप नाही.

जोड दिसला तरी चालेल

पत्रा आणि फायबर तापल्यावर सारखे वाढत नाहीत. दर अंशाला पोलादाची वाढ दहा लाखांत १२ भाग, मॅटच्या फायबरग्लासची साधारण २५ ते ३०. आर्चभोवती फ्लेअरची लांबी ९० सेंटिमीटर. डिसेंबरच्या रात्रीपासून मे महिन्यात उन्हात तापलेल्या रंगीत पत्र्यापर्यंत ६० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे दोघांच्या वाढीत पाऊण मिलिमीटरच्या आसपास तफावत. पुट्टीखाली दडवलेला जोड ती कुठून सोसणार? तो फुटतो, आणि फुटतो तो अगदी जोडाच्या रेघेवर. त्यात पॉलिस्टर रेझिनची पोलादावरची पकड मुळात कच्ची. विदर्भात एकजीव फ्लेअर करून देतो म्हणणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही. मुलाला हे आकड्यांत सांगितलं तेव्हा तो लगेच वळला, इंजिनिअर आहे. फक्त स्क्रू स्टेनलेसचे आणि सारख्या अंतरावर हवेत, एवढा हट्ट त्यानं धरला, आणि तो रास्त होता.

स्क्रू पाच मिलिमीटरचे, दर चार इंचांवर. फ्लेअरमधली भोकं मात्र आठ मिलिमीटरची, मोठ्या वॉशरसह. माथ्याचं एकच भोक नेमक्या मापाचं. फ्लेअर तिथं पक्का आणि दोन्ही बाजूंना सरकायला मोकळा. पत्र्यात पडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर लावला. ही भोकं म्हणजे मूळ बॉडीला झालेली इजा आहेच, नाकारण्यात अर्थ नाही, पण ती आतल्या पट्टीलगत आहेत आणि भरून काढता येतात. पत्रा आणि फायबरच्या मधे रबरी बीडिंग दिलं. आवळताना माथ्यापासून सुरुवात करून एक डावीकडे, एक उजवीकडे असं खाली उतरत आलो, आणि रबर फुगून बाहेर यायला लागलं की थांबलो. जास्त आवळलं तर फायबर स्क्रूभोवती तारा फुटल्यासारखं तडकतं.

राहिला चिखल. काकांच्या शेताचा पांदण रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती माती चाकाला धरते आणि फ्लेअरच्या आतल्या खळग्यात जाऊन बसते. तिथं ती सुकत नाही, दिवाळीपर्यंत ओली राहते. म्हणून फ्लेअरच्या दोन्ही टोकांना खाली मोकळी भोकं ठेवली आणि वरची आतली बाजू सीलरनं उताराची केली, म्हणजे पाण्याचा पाइप मारला की माती खाली यावी.

गाडीनं त्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला. पोळ्यानंतर चारही फ्लेअर काढून पाहिले. उन्हाळ्यात कुठं तडा गेलेला नाही. मागच्या टायरच्या खांद्यावर घासल्याची खूण नाही, काका दोन पोती संत्री मागं टाकून पांदणीतून आले होते तरी. पुढच्या उजव्या फ्लेअरच्या टोकाचं भोक मातीनं बुजलं होतं. ते मोठं केलं. डाव्या मागच्या बाजूला, नव्या पट्टीच्या शेवटी, बीडिंग दुमडून आत गेलं होतं आणि तिथं रुपयाएवढ्या जागेत प्रायमरखाली गंज धरायला लागला होता. घासून परत रंगवला. एकजीव केलेल्या कामात हा गंज दिसलाच नसता. बाहेर फोड यायची वाट पाहावी लागली असती.

मुलाची एक तक्रार उरली आहे. स्टेपनीची जागा डिकीत अरुंद, नवं चाक तिथं मावत नाही. तूर्त जुनं १४५ चं चाकच स्टेपनी म्हणून ठेवलं आहे. मागं ते लावायची वेळ आली तर एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद टायर घेऊन झुलत्या अॅक्सलची ही गाडी पळवायची नाही, हळूच दुकानापर्यंत आणायची, असं काकांना सांगून ठेवलं आहे. ‘व्हीए’ क्रमांकाचा अर्ज भरायच्या आधी फ्लेअर उतरवून जुन्या चाकांवर गाडीचे फोटो काढायचे आहेत. ते काम आंबियाचा तोडा संपल्यावर.